मेलेल्यांची पसंती

वार्झाझातच्या बसस्टँडमागे हम्मूचं चहाचं दुकान.
रात्री दहानंतर तिथे मेलेली माणसं जमतात.
बास्सू अकरा सिनेमांत मेलाय,
झैद नऊ,
त्यातल्या एकात मेला की बेशुद्ध पडला
यावर अजून एकमत नाही.
इद्दर नुसता जखमी होतो,
म्हणून त्याला कुणी फारसं बोलू देत नाही.
मी मरत नाही. मी दाढ्या चिकटवतो.

आज हम्मूनेच काडी टाकली:
गेल्या दहा वर्षांतला सगळ्यात चांगला सिनेमा कुठला?
आणि किटली उंच धरून
पुदिन्याच्या चहाची धार सोडत राहिला,
आपण त्या गावचेच नसल्यासारखा.

झैद म्हणाला, विचारायचं काय त्यात,
तो वाळूच्या वादळाचा!
पंख्याने उडवलेली वाळू आठवडाभर दातांत करकरत होती,
पण दुपारी मटण, आणि पैसे त्याच संध्याकाळी, रोख.
"सिनेमाचं बोलतोयस की खानावळीचं?"
"तू गप रे. तू नुसता लंगडलायस."

मला विचाराल तर तो,
ज्यात राजाचा गुलाम शेवटी हसतो.
पहाटे तीनपासून चारशे दाढ्या,
बकरीच्या केसांच्या,
आणि भर उन्हात एकही सुटली नाही.
गोष्ट काय होती?
खरं सांगू, ती मला अजून कळलेली नाही.

मग हमरीतुमरी. टेबल हललं, एक ग्लास गेला.
तुडा भावाला न्यायला आली होती, ती बसलीच.
ती कपडेपटात शिवते.
म्हणाली, तुमचे सगळे सिनेमे एकच आहेत.
तेच कापड मी उसवते, तेच पुन्हा शिवते.
रोमन होतं, किनार लावली, इजिप्त झालं.
परवा किनार फाडली, आता बगदाद.
दहा वर्षांत तुम्ही कुठकुठले नव्हता!
इथले तेवढे नव्हता.

"एकदा होतो," झैद म्हणाला. "उंटवाला."
"उंट इथला होता.
तुझ्या तोंडी आवाज दुसऱ्याचा होता."

बास्सू तोवर खजुराच्या बिया
टेबलावर ओळीने मांडत होता.
म्हणाला, माझा तो विहिरीचा.
कुठला विहिरीचा?
ज्यात मी मरत नाही.

दिग्दर्शक बाई होती, नाक उन्हाने सोललेलं.
दुभाष्याकडून सांगितलं, काही करू नका,
काठावर बसा,
कुणाची तरी वाट बघताय असं बघा.
मी विचारलं, कुणाची?
दुभाष्याने तिला विचारलंच नाही.
म्हणाला, तुमचं तुम्ही ठरवा.

"मग ठरवलं," बास्सू म्हणाला,
आणि एक बी ओळीतून बाजूला केली.
"दिवसभर बसलो.
रहाटाची सावली पायांवरून गुडघ्यावर चढली.
पुन्हा करा, असं कुणी म्हणालं नाही."

इद्दरने फोनवर सिनेमा काढला.
वीतभर काचेवर पाच डोकी.
विहीर आली. घोडे आले, गेले.
काठ रिकामा.
मागे नेला, पुन्हा लावला.
काठ रिकामा.
बास्सू, कापलाय रे तुला.
"माहीत आहे. तीनदा पाहिलाय मी.
चांगला सिनेमा आहे."

झैदला काही केल्या पटेना.
ज्यात आपण नाहीच, तो आपला कसा?
आणि मग ज्यात आपण आहोत तो तरी, इद्दर म्हणाला,
आणि पहिल्यांदाच त्याला कुणी गप केलं नाही,
पण त्याचं वाक्य तिथेच संपलं.

एक वाजला. चारला गाडी येणार.
या खेपेला आपण कोण, कुणालाच ठाऊक नाही.
कापड निळं आहे, तुडा म्हणाली, याहून जास्त विचारू नका.
हम्मू काचा वेचत होता, कुणाच्या नावावर लिहायच्या ते बघत.

उठता उठता मला राहवलं नाही.
विहिरीच्या त्या दिवशी मी कामावर नव्हतो.
बास्सू, दाढी कुणी लावली होती तुला?

"माझीच होती," तो म्हणाला.