पासष्टावं पान

वही लाल कापडी बांधणीची, खानापूरच्या बाजारातली.
वर फादरांच्या हातचं : वर्गणी व जबाबदाऱ्या.
मी खजिनदार झाले
ते दुसऱ्या कुणी हात वर केला नाही म्हणून.
रेमेदिन बारदेस्कर, शिवणकाम, मशीन स्वतःची,
बेरीज चोख, जीभ तिखट.

चौसष्ट घरं. घराला एक पान.
डावीकडं पैसे, उजवीकडं काम.
उजवा रकाना माझा हट्ट.
इनास लोबो : घंटा.
घोन्साल्विसांच्या दोघी जावा : आल्ताराची फुलं,
आळीपाळीनं, एका रविवारी दोघी नकोत.
मार्शल, बेळगावात बँकेत : पैसे वेळेवर,
माणूस फक्त फेस्ताला.
ज्याकिणमावशी म्हणाली, माझं काही लिहू नको,
मला दिसत नाही आता.
मी लिहिलं : रोज सांजेला सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना.
ते काम बाकी कुणाला जमलंही नसतं.

फादर पंधरवड्यातून एकदा येतात.
तीन गावं, एक मोटारसायकल.
मधल्या रविवारी आपणच.
‘आपण’ म्हणजे कोण, यावर कौन्सिलच्या तीन बैठका झाल्या
आणि चार किटल्या चहा.

मागं, दाराशी, तीर्थाच्या भांड्याजवळ
उभी राहायची भट्टीवरली माणसं,
बैलहोंगलकडून विटा पाडायला आलेली,
टाचांच्या भेगांत आमच्याच गावची माती.
आम्ही बापा म्हणतो तिथं ती तंदे म्हणत,
अर्धी ओळ मागं, कधी अर्धी ओळ पुढं.
आमेन तेवढं एकदम पडायचं.
त्यांना पान नव्हतं.
घर नाही म्हणून पान नाही,
हंगाम सरला की जाणार म्हणून घर नाही.
हिशेब बरोबर होता.
माझे हिशेब बरोबरच असतात.

पोरांच्या धर्मशिक्षणाची खोली
दोन वर्षं खिडकीच्या उंचीवर थांबलेली.
आत शेळ्या. पैसे संपले,
मग विषय संपला,
मग ती तशीच असते असं वाटू लागलं.

एका रविवारी भिंत दोन थर वर.
पुढच्या रविवारी चार.
मी सगळ्या घरांना विचारलं. कुणी नाही म्हणालं,
कुणी हसलं, कुणी श्रेय घ्यायचाही विचार केला.
खर्चाची नोंद नाही, पावती नाही,
मला झोप येईना.

रात्री टॉर्च घेऊन गेले.
येसप्पा दोड्डमनी ओळंबा सोडत होता,
बायको गारा कालवत होती,
बाजूला विटांचा ढीग, भाजताना वाकलेल्या,
मुकादमानं टाकून दिलेल्या.
मी म्हटलं, कुणाला विचारलंत?
तो खाली न बघता म्हणाला,
‘अक्का, आमची पोरगी बी बसणार हाय न्हवं आत?’

पावती मागायला आले होते.
टॉर्च धरून उभी राहिले.
वाकडी वीट कुठं बसते
हे त्याच्या हाताला कळत होतं,
मला उजेड तेवढा हलू न देणं जमलं.

बैठक झाली. मार्शल फोनवर म्हणाला,
पान दिलं की वर्गणी लावावी लागेल.
कुणी म्हणालं, हंगामी माणसं, उद्या नसतील.
इनास म्हणाला, उद्या मीबी नसेन.
घंटेचा अर्धा दोर त्यांना द्या,
माझा खांदा गेलाय.

पासष्टावं पान.
डावीकडं कोरं. उजवीकडं : भिंत, खिडकीच्या वर.
नाव त्यानं स्वतः लिहिलं, कन्नडात,
सावकाश, गोल गोल, जणू गारा थापतोय.
मी खाली मराठीत लिहायला पेन टेकवलं
आणि उचललं.
पुढच्या खजिनदारानं विचारावं कुणालातरी,
त्यानिमित्तानं बोलावं.

माझं स्वतःचं पान एकोणिसावं.
उजवा रकाना इतकी वर्षं रिकामाच होता,
दुसऱ्यांचे भरण्यात.

छप्पर बाकी आहे.
कौलं नऊशे, वासे बावीस.
रविवारी मिस्सानंतर कुणी घाईनं जाऊ नका.
दाराशी उभे असाल, त्यांनीसुद्धा.