राहिलेला हातचा

लर्विकच्या बंदरामागे हॅल्क्रोंचं दुकान.
अर्ध्यात दोरखंड, अर्ध्यात जुनी पुस्तकं,
दोन्हींना वास एकच.

तिथं दीड पौंडाला मिळाली ही कादंबरी.
मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली इसोबेल,
मागे एक किल्ला.
असला किल्ला आमच्या बेटांवर कधी नव्हता.
असले केसही नाहीत. इथला वारा
चार पिना लावल्याशिवाय बाईला दाराबाहेर पडू देत नाही.

‘कुणीतरी पेन्सिलीनं खरडलंय आत,’
हॅल्क्रो खोडरबर शोधू लागले.
म्हटलं, राहू द्या.

पहिल्या पानावर नाव :
जेमायमा मोअट, येल बेट, १९३६.

गोष्ट सतराशे चाळीसची.
जमीनदाराशी लग्न ठरलेली इसोबेल
शिवणाच्या डब्यात होकायंत्र लपवते.
समासात जेमायमा लिहिते :
हातमोजे, सहा जोड, नऊ शिलिंग.
इसोबेल मध्यरात्री चुलत्याची कागदपत्रं चाळते.
समासात : अंडी. मग खोडून, पुन्हा अंडी.
त्र्याण्णव पानावर हेरिंगचा हंगाम,
तिथं कागदावर खवल्यासारखं काही चिकटलंय अजून,
नखानं निघत नाही.
आणि वरच्या कोपऱ्यात, सबंध पुस्तकात एकदाच :
डुनेडिन. ३८ पौंड.

एकशे अठ्ठ्याऐंशीव्या पानावर
इसोबेल लाकूडवाहू गलबतावर पाय ठेवते.
खाली जेमायमाची बेरीज. दोन रेघा ओढून :
३७ पौंड, ४ शिलिंग.

पुढे शंभर पानं
इसोबेल बर्गेनमध्ये नकाशे छापते,
बोटांची शाई धुवायचं विसरते,
एका विधुराला नाही म्हणते, मग दुसऱ्यालाही.
समास कोरे.
एकदम दोनशे नव्वदवर :
छाती अठरा इंच, बाही सहा,
पांढरी लोकर, दोन गुंड्या.

मी फेरीबोटीच्या खिडकीत बसते, तिकिटं देते.
रोज संध्याकाळी गल्ला जुळवते.
दुसऱ्याची बेरीज दिसली की बोट आपोआप फिरतं आकड्यांवरून.
फिरलं.
पौंडांची ओळ छत्तीस. शिलिंग चव्वेचाळीस.
वीस शिलिंगांचा पौंड, म्हणजे हातचे दोन.
तिनं एकच धरला.

अडतीस पौंड, चार शिलिंग.
भाडं भरून वर चार शिलिंग,
वाटेतल्या चहाला.

रात्रभर आधीची पानं तपासली.
हंगामाचा हिशोब, लोकरीचा, मापात मारलेल्या दुकानदाराचा,
अर्ध्या पेनीचीही चूक नाही कुठं.
सगळीकडे हातचा नीट लिहिलेला,
डोक्यावर, बारीक, गोल.
फक्त इथं...

आई म्हणायची, हातचं सोडून पळत्यामागे लागू नये.
ती सांगायची फक्त पळत्याबद्दलच.
हातात किती आहे ते मोजायला
कुणी शिकवलं नाही.

की मोजलं होतं तिनं बरोबर,
आणि मग कंदील जवळ ओढून,
खाली निजलेल्यांचे श्वास ऐकत,
एक हातचा
मुद्दाम ठेवला नाही?

सकाळी खिडकीत पहिलाच माणूस.
‘एकेरी की परतीचं?’ मी विचारलं,
रोज विचारते तसं.
तो उत्तर द्यायला जरा थांबला,
आणि माझ्या मागे उगाच
रांग वाढत गेल्यासारखं वाटलं.

पुस्तक पिशवीत होतं.
दुपारी पेन्सिलीनं एकाच्या जागी दोन केला.
खोडला.
कागद जुना. तेवढ्या जागी
आता पलीकडचं अक्षर दिसतं.