खट्ट

सासन्यांनी काचेवर दोन्ही ठेवले.
जुना डीएसएलआर, रबर सुटलेलं,
पट्ट्यावर कुणाच्या तरी घामाचं मीठ.
नवा तंबाखूच्या डबीएवढा.
"ह्योच घ्या, अंधारातबी दिसतंय यात."

नव्यानं फोटो काढला
तो मला कळलाही नाही.
जुना दाबला. खट्ट.
पैलवान मांडीवर थाप मारतो तसा :
आता धरतोय, सांभाळ.
गंगावेशीत आमचे वस्ताद म्हणायचे,
न सांगता कुणाला धरू नये.

जुनाच आणला.
शिवाय चार हजारांनी स्वस्त, खोटं कशाला बोलू.
मान अवघडली.
रंकाळ्यावर पहिल्याच फोटोत
आभाळात ठिपका. घार असेल.

घरी बायकोचा काढला, हसताना.
घार तिथंच,
तिच्या कपाळाच्या जरा वर.