बिल्ला नसलेलं

माझ्या बापाने हरणं राखली, मीही चाळीस वर्षं तेच केलं.
ऑगस्टात साहेबलोक यायचे लंडनहून, बंदुका घेऊन.
वाऱ्याच्या उलट अंगाने मी त्यांना
पोटावर सरपटत न्यायचो
आणि बोटाने दाखवायचो : तो.
हरणं खातात काय, हे कुणी विचारलं नाही.

ती जे खायची
ते आता मी पाठीवरून वर नेतो.
लोकरी वाळुंज. वीतभर उंच.
मेंढीच्या कानामागे असते तशी लव पानांवर.
एका खेपेला वीस रोपं, ओल्या गोणपाटात,
आणि चढ असा, की गुडघे
प्रत्येकाचं वजन वेगवेगळं सांगतात.

डोंगराच्या या वाटीत एकच झुडूप उरलं होतं,
कड्याच्या फळीवर, जिथे खूर पोचत नाही.
मादी.
मार्सली म्हणाली, हिचा जवळात जवळचा नर
तीन डोंगर पलीकडे आहे,
आणि इतक्या वाऱ्यात भुंगा
एकसुद्धा डोंगर ओलांडत नाही.
ती मात्र दर मे महिन्यात फुलायची.
दुर्बिणीत मला दिसायचे तिचे तुरे,
हरणं शोधताना मध्ये येणारं काहीतरी, म्हणून.

मार्सली दोरावरून उतरली, काड्या कापून आणल्या.
दुसऱ्या डोंगरांवरून नर आले.
खाली, बंद पडलेल्या शाळेच्या मागच्या अंगणात
दोन हिवाळे त्यांना मुद्दाम उघड्यावर ठेवलं.
लाड केले तर वर टिकायची नाहीत.
(मला आई आठवली. बोललो नाही.)

साठ खड्डे. साठ बिल्ले, आकडे ठोकलेले.
पहिल्या हिवाळ्यानंतर एक्केचाळीस.
उंदरांनी साली सोलल्या,
एक अख्खी रांग हिमलोटाने नेली, बिल्ल्यांसकट.
मार्सली वहीत फुली मारते तेव्हा
पेन्सिल जरा जास्तच दाबते,
पुढच्या कोऱ्या पानावर वळ उठतात.
दुसऱ्या वर्षी तेहेतीस.
सतरा नंबर मला आवडायचा, कारण काही नाही.
तो गेला.

कुंपण घालून पाहिलं, बर्फाने मोडलं.
मग बंदूक पुन्हा माझ्याकडे आली, या वेळी साहेबांशिवाय.
त्या हिवाळ्यात चौदा हरिण्या पाडल्या.
कुणी शेजारी उभं राहून फोटो काढला नाही.
रात्री बूट धुताना
बापाशी थोडा वाद घातला.
तो जिंकला, बहुतेक.

सातवा जून. गुडघ्यांवर बसून आम्ही मोजत होतो :
अठ्ठावीस, एकोणतीस,
आणि तीस म्हणायला मार्सलीने तोंड उघडलं
तर त्याला बिल्लाच नव्हता.
ओल्या शेवाळात, नखाएवढं. दोन पानं,
त्यातलं एक अजून नीट उलगडलेलंही नाही.
आम्ही लावलेलं नाही, ती म्हणाली.
आम्ही लावलेलं नाही, मी म्हणालो.
सवयीने तिचा हात बिल्ल्यांच्या खिशात गेला
आणि तिथेच राहिला.

मला मात्र त्याच्या शेजारचं दिसलं होतं.
चार बोटांवर, चिखलात, खुराचा ठसा.
एकटीच हरिणी. दोनेक वर्षांची.
घाईत नसलेली.

कधीचा? मार्सलीने विचारलं.
आजचा, सकाळचा.

तिने वही उघडली.
काय लिहिलं ते मी पाहिलं नाही,
मी वाऱ्याकडे तोंड करून बसलो होतो.