सातवा प्रश्न

एप्रिल. सक्करदऱ्याच्या शाळेत
वाळ्याची ताटी वाळून कडकडते.
आम्ही तिघं दुपारपासून एकाच प्रश्नावर अडलोत:
कुलरची टाकी चाळीस लिटरची.
तासाला तीन लिटर हवेत उडतात,
बुडाच्या छिद्रातून पहिल्या तासात दोन गळले.
टाकी कोरडी केव्हा?

तृप्ती पौनीकरच्या उत्तराला
निमजे मॅडमनी दिले पाच,
ढबाले सरांनी दोन,
मी तीन.
तीन आठवड्यांनी, नाव झाकून,
तोच कागद गठ्ठ्यातून परत माझ्याकडे आला
आणि मी दिले चार.
दुसऱ्यांशी पटत नाही ते समजू शकतो.
माझं माझ्याशीच पटलं नाही.

इतवारीत किराणावाल्याच्या वजनांवर
खात्याचा माणूस येऊन छाप मारून जातो.
माझ्या लाल पेनावर कोणाचा छाप?

टिमकीच्या एका पोरानं नुसतं लिहिलं:
कुलर नाही जी आमच्या घरी, गच्चीवर निजतो.
ढबाले सर हसले, मग हसू आवरून
त्याचा दुसरा पेपर शोधत बसले.
पाझरत्या माठाचं गणित, हेच, आकडे तेवढे वेगळे.
पैकीच्या पैकी.
मग सातव्यात आपण मोजलं काय?
कुलर काढला, माठ घातला.
तर धरमपेठची एक मुलगी हात वर करून विचारते,
सर, माठ पाझरतो म्हणजे?

आता संध्याकाळ. पुन्हा तृप्तीचा कागद.
वर लिहिलंय: आठ तास.
त्यावर आडवी रेघ, कागद फाटेल एवढी जोरात.
खाली:
थांबा. पाणी उतरलं की धार पण बारीक होते.
आठ नाही. जास्त.

उत्तरसूचीत आठ आहे.
उत्तरसूची मी लिहिली होती.

निमजे मॅडम काही बोलत नाहीत,
चष्मा पुसतात.
आमच्या तक्त्यात समजलं, मांडलं, सोडवलं, पडताळलं
अशी चार घरं आहेत.
थांबा म्हणणाऱ्यासाठी घर नाही.

पाचवी ओळ आखली.
तिला किती गुण, यावर पुन्हा तीन मतं.
कोपऱ्यातला कुलर घरघरतो आहे,
ताटीवरची धार केव्हाची बारीक झालीय
आणि बादली घेऊन उठायचं कोणी,
हेही अजून ठरलेलं नाही.