एकच रेघ

डॉक्टर गुंडेटींच्या नळ्या मी सव्वीस वर्षं धुतल्या.
अक्कलकोट रोडला, पत्र्याखालची प्रयोगशाळा,
मे महिन्यात आत बसवत नसे, आणि ते
चादरीच्या रंगाचं सांडपाणी बाटलीत भरून
खिडकीशी उभे,
सोनार कस बघतो तसे.

त्यांची आई विड्या वळायची, साखर पेठेत.
मोजून हजार.
मोजायला मी तिच्याकडं शिकलो, म्हणायचे,
विद्यापीठात नुसतं इंग्रजी.

मला त्यांनी शिस्त लावली ती एवढीच:
वहीत चुकलं तर गिरवायचं नाही, पान फाडायचं नाही.
एक रेघ मारायची.
खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

नाल्याचा अहवाल कुणी उघडेना,
म्हणून ते पक्षात गेले.
दोन वर्षांत अध्यक्ष.
भांडणाऱ्या दोन गटांना
कुणाच्याच अध्यात-मध्यात नसलेला माणूस हवा होता.

पहिल्याच सभेत मागून कुणी ओरडलं,
नळाला रोज पाणी कधी?
साहेब माइकपाशी वाकले.
"मला माहीत नाही."
मंडपामागचा जनरेटर तेवढा ऐकू येत राहिला.
मग स्टेजच्या पायऱ्यांवर दोघांनी त्यांना समजावलं,
नव्या जावयाला समजावतात तसं, हळू आवाजात.

शिकले. हुशार होतेच.
पाणी "लवकरच" यायला लागलं.
फेटासुद्धा डोक्यावर नीट बसायला लागला.
होम मैदानावरच्या मेळाव्याचं पेपरात आलं:
दहा हजारांचा जनसागर.
खुर्च्या मी मांडल्या होत्या. सहाशे.

परवा रात्री, पाणी यायचा आमचा पाचवा दिवस,
पिंप भरत होतो तर गाडी थांबली.
एकटेच.
"सायबण्णा, किल्ली दे."
माझ्या डब्यातली कडक भाकरी मोडून
शेंगाचटणीशी उभ्यानंच खाल्ली,
आत गेले. दिवा लागला, विझला.
निघताना एक धुतलेली नळी उजेडात धरली.
"डाग आहे."
होता.

सकाळी मी वही उघडली.
जुन्या नोंदींखाली, तारीख टाकून, निळ्या शाईत:
होम मैदान. उपस्थिती दहा हजार.
त्यावर रेघ. एकच.
शेजारी, सहाशे बारा.
सहीखाली "अध्यक्ष" लिहिलेलं नाही.

मी वही मिटली, परत उघडली.
बारा जण उभे होते तर.
ते मी मोजलेच नव्हते.