गुडघ्याला गुडघा

आराखड्यात आधी खुर्ची होती,
वर-खाली होणारी, निळी, डोक्यावर दिवा.
भिंतीला पोस्टर : हसरी दाढ, हातात ब्रश.
वेळ दहा ते पाच.

दौलतगंजात दहा ते पाच कुणीच रिकामं नसतं.
ग्वाल्हेरची थंडी पडली की
गजक कुटण्याचा ठेका पहाटेपासून भिंतीतून येतो,
आणि लेकरं गप्प राहावीत म्हणून
त्यांच्या मुठीत एकेक तुकडा.
हे फॉर्मवरच्या एकाही रकान्यानं सांगितलं नाही.
रामसखीनं सांगितलं,
हाताचे तीळ न झटकता.

मग मी खुर्ची खोडली. दिवा खोडला.
दाढ पुसताना जरा वाईट वाटलं.
वेळ लिहिली : दुपारी, पाक निवेपर्यंत.

आता आम्ही दोघी सतरंजीवर समोरासमोर,
गुडघ्याला गुडघा लावून.
मधल्या झोळीत तिचा कन्हाई,
पाय तिच्या कुशीत, डोकं माझ्या मांडीवर.
रडतोय, म्हणून तोंड सताड उघडं,
ब्रह्मांड दिसावं एवढं.
"ओठ उचलून बघ," मी म्हणते,
"हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ आहे ना?
ती अजून माघारी फिरू शकते."

रामसखी वाकते. तिची जीभ
गालाच्या आत कुठेतरी जाते,
जिथे दाढ होती.
"दरद नहीं, तब भी आना है?"

"तेव्हाच," म्हणेपर्यंत
कन्हाई माझं बोट चावतो. कचकन.

वहीत नोंद :
वरचे चार, खालचे चार.
धार उत्तम.